निष्ठावंत हातांचीं नांवें

शाळेंत शिकविणाऱ्या माणसास परीक्षा द्यावी लागत नाहीं, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. ती खरी नव्हे. आमची परीक्षा रोज होत असते. मात्र तिचें वेळापत्रक फलकावर लागत नाहीं. अशाच एका परीक्षेंत मी नापास कसा झालों व त्या अपयशानें मला काय शिकविलें, तें या वार्षिकाच्या वाचकांस सांगावें, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

त्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनेनंतर चार शब्द सांगण्याची पाळी माझी होती. मीं विषय घेतला डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा. लहानपणीं बक्षीस मिळालेल्या एका पुस्तकांत त्यांचें चरित्र मीं वाचलें होतें, आणि त्यांतील एक चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढें आहे: गवतानें शाकारलेली झोपडी, मिणमिणता दिवा, आणि बिछान्याशेजारीं गुडघे टेकलेल्या स्थितींतच प्राण सोडलेला तो थकलेला प्रवासी. आफ्रिकेच्या अंतर्भागांत त्यांना मृत्यु आला, आणि त्यांच्या विश्वासू नोकरांनीं त्यांचें शव हजार मैलांहून अधिक अंतर वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिलें, हा भाग मीं अगदीं रंगवून सांगितला. सभागृह शांत होतें. आपलें भाषण साधलें, अशा समाधानानें मी वर्गाकडे निघालों.

जिन्यापाशीं सातवींतल्या एका मुलानें मला गांठलें. "सर, त्या नोकरांचीं नांवें काय होतीं?"

"अरे, ते पुष्कळ होते," मीं म्हटलें. "एवढ्या सगळ्यांचीं नांवें कोण लिहून ठेवतो?"

मुलगा क्षणभर थांबला, मग अत्यंत नम्रपणें म्हणाला, "मग सर, ते विश्वासू होते हें कोणीं लिहून ठेवलें?"

घंटा झाली म्हणून मी सुटलों. परंतु तो प्रश्न सुटला नाहीं. ज्यांच्या निष्ठेची ग्वाही मीं भर सभेंत दिली, त्यांपैकीं एकाचेंहि नांव मला ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक नाहीं याची खंतहि त्या क्षणापर्यंत मला वाटली नव्हती.

पुढच्या सुटींत मी शोधास लागलों. आफ्रिकेच्या नकाशावर बोट ठेवून आरंभ केला, आणि तें बोट फिरत फिरत येऊन थांबलें कोठें, तर नाशकांत! माझ्या आत्याचें घर नाशकास आहे. शरणपूर रस्त्यानें मी किती वेळां गेलों असेन याची गणती नाहीं. पण या पुरास शरण कोण आलें होतें, हें विचारण्याची बुद्धि मला कधीं झाली नव्हती.

हकीकत अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व व मध्य आफ्रिकेंत गुलामांचा व्यापार भरांत होता. न्यासा सरोवराच्या, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या, भोंवतालच्या मुलुखांत टोळ्या माणसें पकडीत, दुबेळक्या लाकडांत त्यांच्या माना अडकवीत, आणि त्यांना किनाऱ्यापर्यंत पायीं चालवीत नेत. किल्वा, झांझिबार अशा बंदरांत त्यांची विक्री होई. कांहीं झांझिबार व पेंबा बेटांवरील लवंगांच्या बागांत राबत. कांहींना गलबतांत भरून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठवीत. अशीं गलबतें इंग्रजी आरमार वाटेंत अडवी. त्यांतून सुटलेलीं मुलें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडलीं तर तीं पुन्हां पकडलीं जाण्याचें भय. म्हणून त्यांतील पुष्कळांना मुंबईस आणीत. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकाजवळ वसविलेल्या शरणपूर या वसाहतींत १८६० च्या सुमारास अशा मुलांचा आश्रम आला. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनीं ही वसाहत उभी केली होती. तेथें मुलें लिहावाचावयास शिकत आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदे शिकत. पुढें इतिहासांत त्यांना 'मुंबईचे आफ्रिकन' असें नांव पडलें.

मलिक अंबराचें नांव आपणांस पाठ असतें. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचा किल्ला आपण सहलीस जाऊन पाहतों. आफ्रिकेंतून आलेल्या ज्या माणसांच्या हातीं तरवार होती, त्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांनीं जागा दिली. ज्यांच्या हातीं पाटी व करवत होती, ते मात्र बाहेरच राहिले.

लिव्हिंग्स्टन हे १८६४ च्या जून महिन्यांत एक लहानशी आगबोट झांझिबारहून स्वतः चालवीत मुंबईस आले. त्यांच्याबरोबर चुमा नांवाचा याओ जातीचा एक मुलगा होता. १८६१ सालीं लिव्हिंग्स्टन व बिशप मॅकेन्झी यांच्या मंडळीनें गुलामांच्या तांड्यांची सुटका केली, तेव्हां सुटलेल्यांपैकीं हा एक. मुंबईंत डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेंत त्याला घातलें, आणि तेथें बाप्तिस्मा होऊन तो जेम्स चुमा झाला. झांबेझी नदीकांठच्या शुपांगा येथील सुसी व अमोडा हेहि त्याच बोटीनें आले होते. सुसीनें कांहीं काळ मुंबईच्या गोदींत काम केलें.

पुढच्या वर्षीं लिव्हिंग्स्टन नव्या सफरीच्या तयारीसाठीं पुन्हां मुंबईस आले, तेव्हां ते नाशकास गेले आणि शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर निघाले. नाईल नदीचा उगम शोधणें व गुलामांच्या व्यापाराचें खरें स्वरूप जगापुढें मांडणें, हे त्या सफरीचे हेतु. १८६६ च्या जानेवारींत ही मंडळी झांझिबारला पोंचली. चुमा, सुसी व अमोडा तर होतेच. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई होते, आणि आफ्रिकेंतील त्सेत्से माशीपुढें टिकतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नेलेल्या आपल्याकडच्या म्हशीहि होत्या!

ते नऊहि जण शेवटपर्यंत टिकले, असें मात्र नाहीं. एक जण वाटेंत आजारानें वारला. कांहीं सोडून गेले. लिव्हिंग्स्टन यांच्या दैनंदिनींत त्यांच्याविषयीं कडक शब्द आहेत. आरंभापासून अखेरपर्यंत राहिले ते दोघे: एडवर्ड गार्डनर, आणि नथॅनिएल कुंबा, ज्याला मब्रुकी म्हणत. हें वाचून मला वाईट वाटेल असें वाटलें होतें. प्रत्यक्षांत बरेंच वाटलें. 'विश्वासू नोकर' या दोन शब्दांत सगळे एकसारखे दिसतात. येथें मला कुरकुरणारा, भिणारा, पळणारा आणि राहणारा अशीं निरनिराळीं माणसें दिसूं लागलीं. ज्याला जातां येत होतें तो राहिला, म्हणूनच त्याच्या राहण्यास मोल आहे.

त्या सफरींत या मंडळींनीं काय काय पाहिलें! लुआलाबा नदीच्या कांठीं, आजच्या कांगो देशांत, न्यांग्वे नांवाचें गांव आहे. १५ जुलै १८७१ या दिवशीं तेथें बाजार भरला होता. बाजारांत बहुतेक बायकाच होत्या. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनीं त्या गर्दीवर बंदुका झाडल्या. जीव वाचविण्यासाठीं लोकांनीं नदींत उड्या घातल्या व पुष्कळ जण बुडाले. मेलेल्यांची संख्या तीनशें ते चारशें असावी, असें त्या वेळीं मानलें गेलें. लिव्हिंग्स्टन यांनीं डोळ्यांनीं पाहिलेली ही हकीकत इंग्लंडांत पोंचली, तेव्हां लोकमत खवळलें. त्यानंतर मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांना झांझिबारला पाठविण्यांत आलें, आणि अखेर ५ जून १८७३ रोजीं सुलतान बरघश यानें गुलामांचा समुद्रमार्गें होणारा व्यापार बंद करणाऱ्या तहावर सही केली. झांझिबारचा गुलामांचा बाजार मोडला.

येथवर वाचतांना मी मनांतल्या मनांत दुष्टांना शिव्या देत होतों. पुढच्या पानावर माझी जीभ अडखळली. या व्यापाराला लागणारें भांडवल कोठून येई? त्याचा मोठा भाग झांझिबारांतील हिंदी सावकारांच्या पेढ्यांतून. अनेक वर्षें तेथील जकातीचा मक्ताहि एका कच्छी पेढीकडे होता. तांडे कर्जाऊ माल घेऊन आंत जात, आणि येतांना हस्तिदंत व माणसें आणीत. तो हस्तिदंत मुंबईच्या बाजारांत येई. आत्याच्या जुन्या फणेरपेटींत एक हस्तिदंती फणी आहे. लहानपणीं ती हातांत घेऊन मी खेळलों आहें. ती कोठून आली हें घरांत कोणी कधीं विचारलें नाहीं. गुलामांचा व्यापार म्हणजे दूरदेशींच्या परक्यांचें पाप, असें मी आजवर शिकवीत आलों होतों. त्या दिवसापासून तें वाक्य माझ्या तोंडून तसें निघत नाहीं.

आतां त्या शेवटल्या प्रवासाकडे वळूं. १८७२ सालीं लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठीं किनाऱ्यावरून जी तुकडी आंत गेली, तींत शरणपूरचे आणखी सहा तरुण होते: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरार, मॅथ्यू वेलिंग्टन, बेंजामिन रटन आणि रिचर्ड रटन. यांतील मॅथ्यूचें मूळ नांव चेंग्विंबे. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं बांग्वेउलु सरोवराजवळ चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं, आजच्या झांबिया देशांत, पहांटे माज्वारा नांवाच्या मुलानें सुसीस उठविलें. ते झोपडींत गेले तेव्हां लिव्हिंग्स्टन गुडघ्यांवरच होते. अंग गार पडलें होतें.

आतां काय करावयाचें? हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. तेथेंच खड्डा खणून, सामान वांटून घेऊन, ज्यानें त्यानें आपला मार्ग धरला असता तर त्यांना कोण विचारणार होतें? प्रेत घेऊन जाणें म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक गांवाचा रोष ओढवून घेणें. मृताच्या सावलीस सगळेच भीत. मुखिया चितांबोनेंहि त्यांना तेथेंच दफन करण्याचा सल्ला दिला. पण त्यांचा निश्चय पाहून त्यानें आपल्या माणसांसह येऊन रीतीप्रमाणें शोक केला व त्यांना मोकळीक दिली. सर्वांनीं एकत्र बसून सुसी व चुमा यांना आपले नायक ठरविलें. शव किनाऱ्यास न्यावयाचें हा निश्चय कां झाला? प्रेम तर होतेंच. पण मला वाटतें, त्यांत शहाणपणहि होतें. पूर्वीं एकदां पळून गेलेल्या कांहीं लोकांनीं लिव्हिंग्स्टन मारले गेल्याची खोटी बातमी किनाऱ्यावर पसरविली होती, आणि १८६७ सालीं गेलेल्या शोधपथकानें ती खोटी पाडली होती. आतां खरी बातमी घेऊन जाणाऱ्यांवर पुराव्यावांचून विश्वास कोण ठेवणार?

त्यांनीं उघड्या छपराची एक झोपडी बांधली. फॅरारच्या साह्यानें शव उघडून आंतडीं व हृदय काढलें. तें एका झाडाखालीं पुरलें, आणि शरणपुरास वाचावयास शिकलेल्या जेकब वेनराइटनें तेथें दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या. त्या झाडावर त्यानें लिव्हिंग्स्टन यांचें नांव व तारीख कोरली. मिठानें व उन्हानें शव सुमारें दोन आठवडे वाळविलें, कापडांत गुंडाळलें, झाडाच्या सालीच्या नळींत घातलें, आणि वरून शिडाचें कापड शिवलें. मग ते निघाले.

प्रवास सुमारें नऊ महिने चालला. आजारानें सगळेच कित्येक दिवस जमिनीस खिळले. एका तटबंदीच्या गांवीं लढाई झाली व रक्त सांडलें. ही गोष्टहि झांकून ठेवतां कामा नये. आजच्या टांझानियांतील ताबोरा येथें लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्यानें शव तेथेंच पुरण्याचा आग्रह केला. मुंबईच्या गोदींत राबलेला सुसी आणि विल्सनांच्या शाळेंतला चुमा एका साहेबापुढें उभे राहिले आणि नाहीं म्हणाले. पुढें एका गांवच्या लोकांनीं प्रेत नेण्यास अडथळा केला. तेव्हां यांनीं काठ्यांचें एक खोटें प्रेत बांधून तें परत पाठविल्याचा देखावा केला, आणि खरें शव कापडाच्या गांठोड्यासारखें बांधून पुढें नेलें. या तांड्यांत हलिमा ही स्वयंपाकीण होती, चुमाची बायको न्ताओएका होती. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयो बंदरास पोंचले.

तेथें इंग्रज अधिकाऱ्यांनीं शव ताब्यांत घेतलें, पगार चुकता केला, आणि मंडळीस निरोप दिला. नऊ महिने खांद्यावर वाहिलेल्या ओझ्याबरोबर पुढें जाण्यास त्यांना कोणीं सांगितलें नाहीं. मिशनच्या खर्चानें एकटा जेकब वेनराइट इंग्लंडला गेला. पूर्वीं सिंहानें फोडलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून शवाची ओळख पटली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें, तेव्हां शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो होता. चुमा व सुसी यांना त्याच वर्षीं नंतर एका स्नेह्यानें स्वखर्चानें इंग्लंडला नेलें. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या दैनंदिनी छापण्याच्या कामीं त्यांच्या आठवणींचा मोठा उपयोग झाला. जिऑग्राफिकल सोसायटीनें साठ रौप्यपदकें काढलीं. पण तीं आफ्रिकेंत पोंचेपर्यंत मंडळी पांगली होती.

ॲबींतल्या शिलालेखावर, निष्ठावंत हातांनीं त्यांना जमीन व समुद्र ओलांडून येथें आणिलें, अशा अर्थाचे शब्द आहेत. शब्द सुंदर आहेत. पण हातांना नांवें नसतात. नांवें माणसांना असतात. सभेंत मीं जें केलें, तेंच त्या शिळेनें केलें होतें.

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि मला मिळालें. ते विश्वासू होते हें कोणीं लिहून ठेवलें? त्यांच्यापैकींच एकानें. त्या प्रवासाची दैनंदिनी जेकबनें स्वतः लिहिली होती. मीं आफ्रिकेच्या गोष्टींत सदैव बोलणारे गोरे व वाहणारे काळे पाहत आलों. येथें वाहणाराच लिहीत होता.

शरणपूरचे इतर विद्यार्थीहि विसरण्याजोगे नाहींत. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे १८६४ सालींच मोंबासाजवळ राबाई येथें कामास गेले होते. १८७५ मध्यें प्राइस यांनीं मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठीं फ्रियरटाउन वसविलें, तें शरणपूरच्याच धड्यावर, व शरणपूरच्याच माणसांच्या बळावर. जोन्स व सेमलर यांना १८८५ मध्यें डीकनची दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टन यांचा युगांडाच्या वाटेवर वध झाला, तेव्हां उरलेल्या माणसांना सुखरूप माघारीं आणणारा नायक हा जोन्सच होता. राबाईस पळून आलेल्या शेंकडों गुलामांना त्यानें थारा दिला. मालक चालून येण्याची धमकी देत होते. वरिष्ठांना हा आश्रय संकट वाटत होता. अखेर भरपाई देऊन १८८९ च्या आरंभीं त्यांना मुक्तीचे दाखले मिळाले. ज्यानें एकदां शरण घेतलें, त्यानें पुढें शरण दिलें.

सुटी संपण्यापूर्वीं मी पुन्हां शरणपूर रस्त्यावर जाऊन उभा राहिलों. दुकानें, रिक्षा, शिकवणीस निघालेलीं मुलें. मीं कोणास कांहीं विचारलें नाहीं. फक्त त्या गांवाचें नांव एकदां हळूच उच्चारून पाहिलें. एवढे दिवस तें माझ्यासाठीं नुसता पत्ता होता.

शाळा उघडल्यावर पहिल्या तासास मी सातवीच्या वर्गावर गेलों व फळ्यावर लिहूं लागलों: सुसी. चुमा. अमोडा. एडवर्ड गार्डनर. नथॅनिएल मब्रुकी. जेकब वेनराइट. जॉन वेनराइट. कॅरस फॅरार. मॅथ्यू वेलिंग्टन, ऊर्फ चेंग्विंबे. बेंजामिन रटन. रिचर्ड रटन. माज्वारा. मग हलिमा आणि न्ताओएका. सगळी हकीकत सांगितली. आत्याच्या फणीचीहि सांगितली. विद्यार्थिमित्रांनो, शिक्षकानें 'मी चुकलों' म्हणण्यास थोडें धैर्य लागतें, पण म्हटल्यावर छातीवरचें ओझें उतरतें.

तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता. त्यानें सगळीं नांवें वहींत उतरून घेतलीं, बोटावर मोजलीं, आणि हात वर केला.

"सर, पदकें साठ होतीं ना?"

"होय."

"मग अजून पुष्कळ राहिले."